मनी प्लांटचं बेणं

मनी प्लांट बियांपासून कुणी वाढवत नाही. कुंडीतल्या या वेलाला फुलंच येत नाहीत, मग बी कुठून येणार? प्रशांत महासागरातलं मूरेआ बेट हे त्याचं मूळ गाव. १८८० साली युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली, पण फूल पाहायला मिळत नसल्यामुळे त्याला नेमकं कुठे बसवायचं हे ठरेना. तो एका प्रजातीतून दुसरीत फिरत राहिला आणि एपिप्रेम्नम ऑरियम हे आजचं नाव त्याला १९६४ साली मिळालं. न फुलण्याचं कारण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून पुढे आलं. फुलोऱ्याला लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक हा वेल स्वतः पुरेसं तयार करत नाही. तेच बाहेरून फवारलं की त्याला फुलं येतात. घरी रोपं करणाऱ्यासाठी ही माहिती मला फार मोलाची वाटते. आपल्या खिडकीतला वेल हा कुणीतरी कापून दिलेला तुकडा आहे, देणाऱ्याकडे आला तोही तुकडाच होता, आणि ही साखळी मागे कितीही नेली तरी घरांत आणि रोपवाटिकांत ती माणसाच्या हातातूनच गेलेली दिसते. बियांपासून येणाऱ्या झाडांत दर पिढीला नवी सरमिसळ होते, दुबळी रोपं मागे पडतात, जोमदार पुढे सरकतात. इथे ते काम करणारं दुसरं कुणी नाही. कोणता तुकडा पुढे जगणार हे कात्री धरणारा ठरवतो. म्हणून घरी मनी प्लांटची रोपं करण्यातला खरा निर्णय कापतानाच होऊन जातो, आणि तिथे चुकलेलं नंतर बरणी, पाणी, पावडर यांनी भरून निघत नाही, असं माझं ठाम मत आहे.

प्रत्यक्षात मात्र आपलं सगळं लक्ष कापल्यानंतरच्या गोष्टींवर असतं. पाणी नळाचं की फिल्टरचं, बरणी काचेची की रंगीत, त्यात मध घालायचा की कोरफडीचा गर, किती दिवसांनी मुळं दिसतील, याची चर्चा भरपूर होते. वेलाचा कोणता भाग घेतला हे कुणी विचारत नाही. बहुतेक वेळा तुकडा निवडलेलाच नसतो. वेल फार लोंबला म्हणून शेंडा छाटला जातो, खिडकीची जाळी पुसताना एखादी फांदी मोडते, कुंडी हलवताना बुडाशी एक तुकडा सुटतो, आणि टाकून कसं द्यायचं म्हणून तो पाण्यात ठेवला जातो. जीव वाचवण्याची ही वृत्ती चांगलीच आहे. पण अशाने वेलाचा जो भाग आपल्याला नको होता, त्याचीच पुढची पिढी आपण तयार करत राहतो. लांब कांड्यांच्या, विरळ पानांच्या, रंग उडालेल्या वेलातून पुन्हा तसाच वेल निघतो आणि मग दोष पाण्याला किंवा आपल्या हाताला दिला जातो.

तुकड्यात काय असायला हवं हे वेल स्वतःच दाखवतो. प्रत्येक पानाचा देठ जिथे खोडाला मिळतो तिथे एक कंगोरा असतो, ते पेर. दोन पेरांमधला गुळगुळीत भाग म्हणजे कांडं. पेराशी देठाच्या बगलेत एक छोटा डोळा झोपलेला असतो आणि त्याच पेरावर तपकिरी, बोथट टोकाचं हवाई मूळ बाहेर डोकावत असतं. मूळ तिथे आधीच तयार आहे. ओल मिळाली की ते फक्त लांबायचं बाकी असतं. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर ते कित्येक आठवडे हिरवं राहतं, कधी देठाला मूळही सुटतं, पण वेल होत नाही, कारण नवा कोंब काढणारा डोळा त्याच्याबरोबर आलेलाच नाही. नुसत्या कांड्याचीही तीच गत. याउलट एक पेर, एक पान आणि पेराखाली दोन बोटं कांडं एवढा तुकडा एका पूर्ण वेलाला पुरतो. व्यावसायिक रोपवाटिकांत लांब वेलाचे असे एकेका डोळ्याचे तुकडे करून एका कुंडीत बरेच तुकडे एकत्र लावतात. दुकानातली कुंडी एवढी भरगच्च दिसते ती त्यामुळे. घरी मात्र एकच लांब फांदी खोचली जाते, तिचा शेंडा तेवढा वाढतो आणि कुंडी बुडाशी उघडी राहते. मी दोन पेरांचे तुकडे पसंत करतो. खालचं पेर मुळांसाठी, वरचं कोंबासाठी. एक डोळा दगावला तर दुसरा हाताशी असतो. पेराच्या जरा खाली कापायचं, पेराला चिकटून नाही, म्हणजे कापलेलं टोक थोडं सडलं तरी सड डोळ्यापर्यंत पोचायच्या आत लक्षात येते. हवाई मूळ नको असलेली काडी समजून खुडून टाकणारे लोक असतात. ते जपायला हवं, कारण सगळ्यात आधी तेच कामाला लागतं.

रंगाचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि निवडीचं महत्त्व तिथे डोळ्यांना दिसतं. साध्या मनी प्लांटच्या पानांवर पिवळे फराटे असतात, मार्बल क्वीन या जातीची पानं पांढरी-हिरवी. पांढऱ्या भागातल्या पेशींत हरितद्रव्य जवळजवळ नसतं, म्हणजे तो भाग स्वतःचं अन्न करत नाही, शेजारच्या हिरव्या भागावर जगतो. आता एकाच वेलावर काही पेरं जास्त हिरवी असतात, काही जास्त पांढरी, आणि ज्या डोळ्यातून कोंब येतो त्या डोळ्याच्या आसपासचं खोड कसं आहे यावर नव्या कोंबाचा रंग बराचसा ठरतो. खोडावरचे फराटे पानाइतकेच पाहावेत ते याचसाठी. पूर्ण पांढऱ्या पानांची फांदी दिसायला देखणी असते, पण ती कापून वेगळी केली की तिचा अन्नपुरवठा तुटतो आणि ती कुजून जाते. पूर्ण हिरव्या फांदीचं उलट होतं. ती सगळ्यांत जोरात वाढते, लवकर मुळं धरते, आणि तिच्यापासून केलेली रोपं हिरवीच राहतात. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेला वेल हिरवा होत जातो हे खरं आणि उजेडात आणल्यावर नवी पानं काही अंशी पुन्हा रंग घेतात हेही खरं, पण ज्या फांदीच्या डोळ्यांतून फराटेच गेले आहेत तिला उजेड ते परत देऊ शकत नाही. जो कुणी दर वर्षी जोमाने वाढलेली हिरवी फांदी उचलतो तो नकळत आपला वेल साधा करत नेतो. स्नेक प्लांटमध्ये हाच नियम आणखी कडक आहे. पिवळ्या काठाच्या जातीचं पान आडवं कापून मातीत खोचलं तर नवी रोपं येतात, पण बिनकाठाची, निव्वळ हिरवी. पिवळा काठ टिकवायचा तर जमिनीतल्या गड्ड्यासकट फुटवा वेगळा करावा लागतो. झाड तेच, माती तीच, हातही तोच. तुकडा कुठला घेतला एवढाच फरक.

महाराष्ट्रातल्या ऊस पिकवणाऱ्या माणसाला हे काही समजावून सांगावं लागत नाही. उसाचीही लागण डोळ्यांचीच असते. सांगली-कोल्हापूरकडचा जाणता शेतकरी बेण्यासाठी प्लॉट वेगळा राखतो, नऊ ते अकरा महिन्यांचा, रसरशीत, फुगीर डोळ्यांचा ऊस निवडतो आणि खोडव्याचं बेणं टाळतो. बुडाकडचे डोळे जुने आणि टणक, ते उशिरा उगवतात, वरच्या भागातले लवकर, हे त्याला ठाऊक असतं. काणी आणि गवताळ वाढ हे रोग बेण्यातूनच पुढच्या शेतात जातात, म्हणून दर तीन-चार वर्षांनी बेणं बदलण्याची शिफारस असते. पाडेगावच्या संशोधन केंद्रातून प्रसारित झालेला को ८६०३२ हा उसाचा वाण राज्यभर पसरला तोही असाच, कांडीकांडीने, आणि तो इतकी वर्षं टिकला यात बेणं राखणाऱ्यांचा वाटा आहे. उसात चूक झाली तर एकरी उताऱ्यात दिसते, म्हणून तिथे शिस्त आली. कुंडीतल्या वेलाचा उतारा कुणी मोजत नाही, म्हणून इथे बेफिकिरी चालून गेली. दोन्हीकडचं जीवशास्त्र मात्र एकच आहे: बियांपासून न लावल्या जाणाऱ्या पिकात बेणं हीच पुढची पिढी.

यावर पहिला आक्षेप अगदी साहजिक आहे. मनी प्लांट कसाही, कुठूनही लावला तरी येतो. चोरून आणला तर जास्तच फोफावतो म्हणतात. मग एवढा विचार कशाला? येतो, हे मान्यच. पण येणं वेगळं आणि चांगलं येणं वेगळं. मूळ फुटणं ही या वेलासाठी इतकी सोपी गोष्ट आहे की तिच्यावरून तुकड्याची प्रत कळतच नाही. आजारी वेलाच्या तुकड्यालाही मुळं फुटतात. पाणी साचलेल्या कुंडीत पिथियमसारख्या बुरशीने मुळं कुजलेला वेल वरून बरेच दिवस ठीक दिसतो. त्याच्या बुडाजवळचा, मातीला टेकलेला तुकडा घेतला तर ती कूज त्याच्यासोबत नव्या कुंडीत जाऊ शकते. पिठ्या ढेकूण नेमका देठाच्या बगलेत, म्हणजे डोळ्यापाशीच लपतो. कापसाचा बारीक ठिपका दिसला आणि तरीही तो तुकडा लावला, तर घरातल्या बाकीच्या कुंड्यांनाही तो पोचतो. शिवाय उपाशी वेलाच्या तुकड्यात साठा कमी असतो. मूळ येतं, एखादं लहान पान येतं आणि मग महिनोन् महिने काहीच होत नाही. अशा वेळी खत घालून उपयोग होत नाही, कारण खत उचलायला पुरेशी मुळंच नसतात. वेल अशक्त असेल तर आधी त्याला उजेडात आणावं, थोडं गांडूळखत द्यावं, नवी दोन-तीन पानं मोठ्या आकाराची येऊ द्यावीत आणि मगच त्या नव्या वाढीतून तुकडे घ्यावेत. थांबण्याचा हा काळ लोकांना वाया गेल्यासारखा वाटतो. माझ्या मते रोपं करण्याच्या कामाची सुरुवातच तिथून होते.

दुसरा आक्षेप औषधांचा. मुळं फुटण्याची पावडर बाजारात मिळते, ती लावली की झालं, असं म्हटलं जातं. या पावडरीमागचं शास्त्र पक्कं आहे. वनस्पतीच्या शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन खोडातून खाली उतरतं आणि कापलेल्या टोकाशी साठून मुळं फुटायला चालना देतं, हे १९३०च्या दशकात सिद्ध झालं आणि तेव्हापासून इंडोल ब्युटिरिक ॲसिडसारखी ऑक्झिनं छाट कलमांसाठी वापरली जातात. गुलाब, जास्वंद, बोगनवेल यांच्या कठीण काडीला मूळ नव्याने घडवावं लागतं, तिथे पावडरीचा फायदा होतो. मनी प्लांटच्या पेरावर मूळ आधीच तयार असतं आणि तुकड्याचं स्वतःचं ऑक्झिन त्याला पुरतं. वरून आणखी घातलं तर फार तर काही मुळं जास्त येतील. जास्त मात्रेने उलट खोड करपतं आणि डोळा फुटायला उशीर होतो. मध, दालचिनी, हळद यांच्यात थोडाफार जंतुरोधक गुण आहे, मूळ फोडणारं संप्रेरक नाही. स्वच्छ, धारदार कात्रीने एकदाच नीट कापलं तर त्या गुणाचीही फारशी गरज पडत नाही. डोळा नसलेल्या तुकड्याला डोळा देणारी, हिरव्या फांदीला फराटे देणारी, रोगट वेल निरोगी करणारी पावडर मात्र कोणत्याच दुकानात नाही.

पाणी की माती, हा वाद मला तुलनेने गौण वाटतो, तरी त्यात बाजू घ्यायला हवी. पाण्यात मुळं दिसतात, म्हणून शिकणाऱ्याला ते बरं. पण ऑक्सिजन हवेत जितका सहज पसरतो त्याच्या तुलनेत पाण्यात सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, आणि पाण्यात वाढलेली मुळं त्या परिस्थितीला बेतून घडलेली असतात. ती लांब झाल्यावर मातीत नेली तर त्यांतली काही मरतात आणि वेलाला पुन्हा नवी काढावी लागतात. तुकडा दोन-तीन इंच मुळांवर असतानाच हलवला तर हा धक्का कमी बसतो. मला थेट कोकोपीट आणि गांडूळखताच्या सैल मिश्रणात लावणं जास्त पटतं. ओल राहते, हवाही राहते, आणि पहिलं मूळ जिथे फुटतं तिथेच शेवटपर्यंत वाढतं. पाण्याच्या बरणीविरुद्ध दुसरं कारण आरोग्याचं आहे. डेंगी पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून पावसाळ्यात महापालिकेचे आरोग्य कर्मचारी घरोघरी मनी प्लांटच्या बाटल्या तपासतात. आठवड्यातून एकदा नुसतं पाणी बदलणं पुरेसं नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेवर काचेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. बरणी आतून घासायला हवी. एवढं करणार असाल तर पाणीही चालेल.

सगळ्यांत प्रामाणिक आक्षेप मनाचा आहे. उत्तम फांदीच कापायची? वर्षभर जपलेला, रंगीत पानांचा, भरलेला भाग कात्रीखाली द्यायचा आणि उरलेला उघडा वेल पाहत बसायचं? हा संकोच मी हसण्यावारी नेणार नाही. झाडावर जीव असणाऱ्यालाच तो होतो. पण शेंड्यातून खाली येणारं ऑक्झिन मुळांना मदत करतं तसंच ते खालच्या डोळ्यांना झोपवूनही ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे जागे होतात आणि एका दोरीसारख्या वेलाला दोन-तीन फुटवे येतात. म्हणजे आईवेलासाठीसुद्धा हे कापणं उपकारकच आहे, आणि चांगल्या फांदीत दोन पेरं मागे ठेवली तर नवे फुटवेही चांगल्या डोळ्यांतूनच येतात. उरलेल्या तुकड्यांपैकी काही त्याच कुंडीच्या रिकाम्या बुडाशी लावावेत. वेळ मात्र पाहावी. चोवीस ते तीस अंशांच्या आसपास आणि दमट हवेत हा वेल सगळ्यांत लवकर सावरतो. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात बहुतेक वर्षभर तशी हवा असते. पुण्या-नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या गार रात्रींत तुकडा नुसता बसून राहतो आणि विदर्भातल्या मे महिन्याच्या कोरड्या झळांत मूळ येण्याआधी पान सुकतं. पाऊस सुरू झाल्यापासून नवरात्रापर्यंतचा काळ देशावर सगळ्यांत भरवशाचा. कापताना निघणाऱ्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्याने हाताला खाज सुटते. स्वतःच्या डोळ्यांना हात लागण्याआधी तो धुवावा आणि पानं लहान मुलं, मांजर, कुत्रं यांच्या तोंडी लागू देऊ नयेत.

निवड करायची म्हटलं की नको असलेले तुकडे उरणार, आणि त्यांचं काय करायचं हा त्याच कामाचा भाग आहे. उष्ण, दमट प्रदेशांत हा वेल घराबाहेर पडला तर झाडावर चढतो, त्याची पानं हातभर मोठी आणि कातरलेली होतात, आणि जमिनीवर तो दाट चटई धरतो, जिच्याखाली दुसरं काही उगवत नाही. हवाई बेटांत आणि श्रीलंकेतल्या जंगलांत तो उपद्रवी ठरला आहे. बियांशिवाय तो तिथे पोचला याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी कुणीतरी तुकडा लावला किंवा फेकला. कोकणात वाडीच्या गडग्यापलीकडे, ओढ्याच्या काठी, घाटात सहलीच्या जागी कुंडीतला कचरा ओतणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण आपल्याकडची पावसाळी हवा त्याला मूरेआइतकीच मानवते. छाटलेले वेल ओल्या कचऱ्यात किंवा खताच्या ढिगात हिरवे टाकले तर त्यांना तिथेच मुळं फुटतात. ते गच्चीत वर्तमानपत्रावर पसरून कडक उन्हात वाळवावेत, आणि खोड कुरकुरीत होऊन बोटांनी सहज मोडायला लागलं की मगच खताच्या पिंपात घालावेत.